स्मॉल, लिटल, शॉर्ट की टायनी? आधी सांगा, कशानं लहान

प्रश्न असा आहे. कोलारा गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावातल्या भाऊंनी घरातल्याच दोन खोल्या ताडोबाच्या पाहुण्यांसाठी तयार केल्या आहेत. खोलीत लावायला त्यांनी इंग्रजीत एक पान लिहिलं. गाव लहान, खोल्या लहान, रस्ता लहान, दरवाजा लहान, गाइड म्हणून जाणारा भाऊ लहान. जिकडे तिकडे ‘स्मॉल’. एक पाहुणी ‘माय स्मॉल ब्रदर इज गाइड’ वाचून हसली. मग मित्रानं ‘लिटल’ सुचवलं, मोबाइलनं ‘टायनी’ सुचवलं, आणि डिक्शनरी उघडली तर तिन्हींपुढे ‘लहान’च. त्यांचं म्हणणं, “मॅडम, सगळ्यांचा अर्थ एकच असंन तं इतके शब्द कायले ठेवले? आन् कोणता कुठी लिहू?”

भाऊ, चिमूर तालुक्यात इंग्रजी शिकवताना हा प्रश्न मला दर वर्षी नव्यानं भेटतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. पहिली गोष्ट म्हणजे तुमचं घोडं इंग्रजीच्या आधीच अडलं आहे. हेच पान तुम्ही मराठीत लिहिलं असतं तर रस्त्याला लहान म्हटलंच नसतं, अरुंद म्हटलं असतं. दरवाजा ठेंगणा, दोरी आखूड, तांदूळ बारीक, चूक किरकोळ, दूध थोडं, भाऊ लहाना. एवढी बारकाईची निवड तुम्ही दिवसभर विचार न करता करता, आणि इंग्रजीत शिरल्याबरोबर सगळ्यांना एकच टोपी घालता. मग वाचणारा चक्रावतो, कारण इंग्रजीतही या सगळ्यांना वेगळे शब्द आहेत.

म्हणून डिक्शनरी उघडण्याआधी स्वतःला विचारा, ही गोष्ट कशानं लहान आहे? लांबीनं, उंचीनं, रुंदीनं, जाडीनं, वयानं, मापानं की महत्त्वानं? उत्तर मिळालं की निम्मे शब्द आपोआप गळून पडतात.

तुमचंच पान घेऊ. रस्ता रुंदीनं कमी आहे, म्हणून तिथे ‘नॅरो’. ‘स्मॉल रोड’ तसं चूक नाही, पण त्याचा अर्थ हमरस्ता नसलेला, आतला रस्ता असा होतो. मोठी गाडी घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरला तुमच्या गल्लीत गाडी वळेल की नाही हे हवं असतं, आणि ते ‘नॅरो’नंच कळतं. दरवाजाचं म्हणाल तर जुन्या मातीच्या घराची ती चौकट उंचीला कमी आहे. ‘स्मॉल डोअर’ वाचून कुणी मान खाली घालत नाही, ‘लो डोअर’ वाचून घालतो. जमिनीवर उभ्या असलेल्या गोष्टी उंचीला कमी असल्या की बहुतेक ठिकाणी ‘लो’ चालतो: भिंत, स्टूल, टेकडी, बाज. माणूस उंचीला कमी असेल तर मात्र ‘शॉर्ट’. माणसाला ‘लो’ लावलात तर त्यातून हलकटपणाचा वास येतो, तेव्हा तिकडे जाऊच नका.

‘शॉर्ट’ हा मुळात लांबीचा आणि वेळेचा शब्द. आखूड दोरी, छोटी सुट्टी, थोडक्यात संपणारी फेरी, सगळीकडे ‘शॉर्ट’. तलावापर्यंतच्या फेरीला तुम्ही ‘स्मॉल वॉक’ लिहिलं आहे, ते ‘शॉर्ट वॉक’ करा. आपल्या विदर्भात तर हा शब्द शिकवायला कापूस पुरतो. धागा २० मिलीमीटर किंवा त्याहून आखूड असला की तो ‘शॉर्ट स्टेपल’, आणि साडेसत्तावीसपासून ३२ पर्यंत असला की ‘लाँग स्टेपल’. ‘स्मॉल स्टेपल’ म्हणणारा व्यापारी सापडणार नाही. तोच धागा किती बारीक आहे हे वेगळं मोजतात, त्याला मायक्रोनेअर म्हणतात, आणि तिथे विशेषण येतं ‘फाइन’. एकाच धाग्याची दोन लहानपणं, एक लांबीचं आणि एक जाडीचं, आणि दोन्हींना ‘स्मॉल’ लागत नाही.

आता भावाकडे येऊ. आपल्याकडे ‘लहाना भाऊ’ म्हणजे वयानं लहान, मग तो सहा फूट का असेना. इंग्रजीत ‘स्मॉल ब्रदर’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अंगानं लहानखुरा माणूस उभा राहतो. वयासाठी ‘यंगर ब्रदर’ लिहा. ‘लिटल ब्रदर’ही लोक म्हणतात, विशेषतः अमेरिकन, पण त्यात घरगुती लाड आहे. जिप्सीत उभा राहून पाहुण्यांना अलार्म कॉल, म्हणजे जनावरांच्या इशाऱ्याच्या हाका, समजावून सांगणाऱ्या मिशीवाल्या गाइडला छापील पानावर ते शोभत नाही. तो शाळेत जाणारा पोट्टा असता तर ‘लिटल’ गोड वाटलं असतं.

खरी खोच ‘स्मॉल’ आणि ‘लिटल’मध्ये आहे, म्हणून तिथे थोडं थांबते. ‘स्मॉल’ हा मापाचा शब्द आहे. तो नुसतं सांगतो, बाजू घेत नाही. ‘लिटल’मध्ये बोलणाऱ्याचं मन मिसळलेलं असतं. मराठीत याचा फार चांगला पडताळा मिळतो: जिथे आपल्याला ‘लहान घर’ म्हणायचं असतं तिथे ‘स्मॉल’, आणि जिथे जीभ आपोआप ‘छोटंसं’, ‘इवलंसं’, ‘चिमुकलं’ याकडे वळते तिथे ‘लिटल’. तो मागे लागणारा ‘-सं’ इंग्रजीत ‘लिटल’ होऊन पुढे येतो. टुमदार घराला इंग्रजीत एक शब्द सापडत नाही, पण ‘अ प्रिटी लिटल हाउस’ म्हटलं की टुमदारपणाच्या बराच जवळ पोचतो.

मात्र मन मिसळलं म्हणजे ते प्रेमानंच मिसळतं असं नाही. ‘पुअर लिटल’ मध्ये कीव आहे, ‘सिली लिटल’ मध्ये चीड आहे. ‘युअर लिटल बिझनेस’ असं कुणी तुमच्या दोन खोल्यांना म्हटलं तर त्याचा सूर ऐकल्याशिवाय ते कौतुक की नाक मुरडणं, ते ठरवता येत नाही. दुसऱ्याच्या वस्तूला, दुसऱ्याच्या धंद्याला ‘लिटल’ लावताना म्हणून जपून. आपल्या स्वतःच्या घराला लावायला हरकत नाही.

जागेचाही नियम आहे. ‘लिटल’ला नामाच्या आधी बसायला आवडतं, ‘इज’च्या नंतर एकटं उभं राहायला आवडत नाही. त्यामुळे ‘अ लिटल व्हिलेज’ ठीक, पण ‘अवर व्हिलेज इज व्हेरी लिटल’ हे तुमचं वाक्य कानाला खटकतं. तिथे ‘स्मॉल’च हवं. तुलना करतानाही ‘स्मॉलर’, ‘स्मॉलेस्ट’ बिनधास्त वापरा. ‘लिटलर’, ‘लिटलेस्ट’ हे शब्द आहेत, पण लहान मुलांच्या तोंडी जास्त. एक अपवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे. ‘मी लहान होतो तेव्हा’ याला ‘व्हेन आय वॉज लिटल’ आणि ‘व्हेन आय वॉज स्मॉल’ दोन्ही सर्रास चालतात. दोन विशेषणं आली तर ‘लिटल’ नामाला चिकटून: ‘टू क्लीन लिटल रूम्स’. तुम्ही ‘टू लिटल क्लीन रूम्स’ लिहिलं आहे, आणि हे घाईत वाचलं तर ‘पुरेशा स्वच्छ नाहीत’ असा भास होतो, कारण ‘टू’ आणि ‘लिटल’ जवळ आले की ‘फारच थोडं’ असंही ऐकू येतं. खोलीच्या जाहिरातीत हा भास परवडणारा नाही.

खोल्यांसाठी माझं मत विचाराल तर ‘टू स्मॉल, क्लीन रूम्स’ लिहा आणि पुढे फुटांत माप द्या. ‘टायनी’ लिहिलंत तर पाहुण्याला वाटेल पाय पसरता येणार नाहीत. हॉटेलवाले अशा वेळी ‘कोझी’ लिहितात. शब्द उबदार आहे, पण शहरातला पाहुणा आता इतका बेरकी झाला आहे की ‘कोझी’ वाचलं की तो मनात खोलीचे चार फूट कापूनच टाकतो.

आता आपला सर्वांत अवघड शब्द, बारीक. मराठी माणसाचं इंग्रजी जिथे हटकून घसरतं ती ही जागा. बारीक तांदूळ, बारीक चिरलेला कांदा, बारीक पाऊस, बारीक ताप, बारीक आवाज, बारीक अक्षर, बारीक पोरगा, बारीक नजर. इंग्रजीत या प्रत्येकाचा शब्द वेगळा, आणि ‘स्मॉल’ त्यांतल्या एकाच ठिकाणी बिनचूक बसतो: अक्षराच्या. बारीक अक्षर ‘स्मॉल’ असतं, आणि करारनाम्याच्या खालच्या बारीक अक्षरातल्या अटींना ‘स्मॉल प्रिंट’ किंवा ‘फाइन प्रिंट’ म्हणतात. कांदा ‘फाइनली चॉप्ड’. पाऊस ‘लाइट रेन’ किंवा ‘ड्रिझल’. ताप ‘स्लाइट फीव्हर’. आवाज ‘थिन’ किंवा ‘फेंट’. पोरगा ‘थिन’, आणि कौतुकानं म्हणायचं असेल तर ‘स्लिम’. नजर तर मुळीच लहान नाही. बारीक नजर ठेवणं म्हणजे ‘क्लोज वॉच’.

तांदळाचं वाक्य तुमच्या पानावर आहेच: ‘वी सर्व्ह स्मॉल राइस’. यातून पाहुण्याला वाटेल ताटात भात कमी वाढतात. आपल्या भागात तर या वाक्याची लाज राखायलाच हवी, कारण एचएमटी नावाचा जो बारीक धान आज देशभर माहीत आहे तो आपल्याच जिल्ह्यातला. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातल्या वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून, पुन्हा पुन्हा पेरून तो वाण तयार केला, आणि त्याला नाव पडलं त्या काळी सगळ्यांच्या मनगटावर असलेल्या एचएमटी घड्याळाचं. हे दोन ओळींत लिहा, आणि तांदळाला ‘फाइन-ग्रेन्ड राइस’ म्हणा. पाहुणा जेवताना विचारेल आणि तुमच्याकडे सांगायला गोष्ट असेल. ‘फाइन’चा दुसरा अर्थ ‘उत्तम’ असा आहे, तोही इथे फुकट पदरात पडतो.

गंमत म्हणून सांगते, जुन्या इंग्रजीत ‘स्मॉल’चा अर्थच मुळी बारीक, अरुंद असा होता. जर्मन भाषेतला त्याचा भाऊबंद ‘श्माल’ आजही अरुंद याच अर्थानं वापरतात. कमरेवरच्या पाठीच्या निमुळत्या भागाला इंग्रज ‘स्मॉल ऑफ द बॅक’ म्हणतो त्यात तो जुना अर्थ अजून टिकून आहे. म्हणजे हजारेक वर्षं आधी जन्मला असतात तर तुमचा ‘स्मॉल रोड’ कदाचित खपून गेला असता.

मापाची गोष्ट झाली, आता प्रमाणाची. पाणी, दूध, वेळ, इंग्रजी असल्या एक-दोन करून मोजता न येणाऱ्या गोष्टींना ‘स्मॉल’ लागत नाही. तिथे ‘लिटल’ येतं, पण अगदी वेगळ्या वेषात, आणि त्याच्या पुढचं ते एकाक्षरी ‘अ’ सगळा खेळ करतं. ‘अ लिटल’ म्हणजे जरासं, पण आहे. नुसतं ‘लिटल’ म्हणजे जवळजवळ नाहीच. तुमच्या पानावर ‘देअर इज लिटल हॉट वॉटर इन मॉर्निंग’ असं आहे. डिसेंबरात पहाटेच्या सफारीला निघणारा पाहुणा हे वाचून धास्तावेल. तुम्हाला म्हणायचं आहे की सकाळी बादलीभर गरम पाणी मिळतं, मग ‘वन बकेट’ म्हणून टाका, वादच मिटला. तसंच ‘वी स्पीक लिटल इंग्लिश’ मध्ये हात जोडलेले दिसतात, आणि ‘वी स्पीक अ लिटल इंग्लिश’ मध्ये हसून स्वागत केलेलं दिसतं. मोजता येणाऱ्या गोष्टींत हाच खेळ ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’चा आहे.

जेवणाच्या ओळीत ‘लिटल स्पाइसी’ आहे. सावजी रस्सा करत असाल तर हे खोटं ठरेल, आणि साधं वरण-भात-भाजी असेल तर पाहुणा उगाच घाबरेल. ‘अ लिटल स्पाइसी’ म्हणजे थोडं तिखट, ‘माइल्ड’ म्हणजे बेताचं. तिखट कमी करून देता येत असेल तर तेही लिहा, त्याला ‘लेस स्पाइसी’ म्हणतात. आणि ‘प्लीज ब्रिंग लिटल चेंज’ हे तर काढाच. ‘लिटल चेंज’ म्हणजे फारसा बदल नाही. चिल्लर म्हणजे ‘स्मॉल चेंज’. हे जोड ठरलेले आहेत, तिथे अक्कल चालवायची नाही. करंगळी ‘लिटल फिंगर’च, लहान आतडं ‘स्मॉल इंटेस्टाइन’च, ‘शॉर्टकट’ शॉर्टच.

आता थोडं वेगळं. पुष्कळदा विशेषणाच्या जागी नामच बदलायचं असतं. आपण नाल्याला ‘स्मॉल रिव्हर’ म्हणतो, त्याला इंग्रजीत ‘स्ट्रीम’ आहे. मुख्य गावापासून अलग पडलेला टोला म्हणजे ‘हॅम्लेट’. तलावाची गंमत तर आणखीच. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडे मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या, काळातले तलाव आहेत, आणि शेताच्या अंगची बोडी त्याहून लहान. सरकारी इंग्रजीत तलावाला ‘टँक’ म्हणतात, म्हणून तुम्हीही बोडीला ‘स्मॉल टँक’ लिहिलं. बाहेरदेशीचा पाहुणा गच्चीवरची प्लास्टिकची काळी टाकी शोधत बसेल. बोडी म्हणजे ‘पाँड’, आणि मालगुजारी तलाव त्यापेक्षा मोठा, त्याला ‘लेक’ म्हणा किंवा ‘ओल्ड इरिगेशन लेक’ म्हणा.

जनावरांची पिल्लं याच हिशेबात येतात. ‘स्मॉल टायगर’ म्हणजे वाघाचं पिल्लू नव्हे. तो अंगानं लहान भरलेला पुरता वाघ. पिल्लू म्हणजे ‘कब’. अस्वलाचंही ‘कब’, चितळाचं ‘फॉन’, गव्याचं ‘काफ’, रानकुत्र्याचं ‘पप’, रानडुकराचं ‘पिगलेट’. या शब्दांत लहानपण आधीच मुरलेलं आहे. त्यामुळे ‘स्मॉल कब’ म्हटलं की ऐकणारा समजतो, दोन-तीन पिल्लांतलं सर्वांत लहान. आईपासून वेगळा होऊ घातलेला, अंगानं जवळपास पुरा झालेला वाघ असतो त्याला गाइड लोक ‘सब-अडल्ट’ म्हणतात. तुमच्या भावाला हे माझ्यापेक्षा नीट माहीत असणार, त्याच्याकडून लिहून घ्या.

पक्ष्यांची यादी मात्र त्याच्याकडूनच बिघडली आहे असं दिसतं. टिबुकलीला ‘स्मॉल ग्रीब’ आणि अडईला ‘लिटल व्हिसलिंग डक’ लिहिलं आहे. पक्ष्याचं नाव हे विशेषण नसतं, ते आडनावासारखं घट्ट असतं. टिबुकली ‘लिटल ग्रीब’, अडई ‘लेसर व्हिसलिंग डक’, आणि एका चिमुकल्या लाल-करड्या पक्ष्याचं नाव ‘स्मॉल मिनिव्हेट’. तिघांच्या नावांत लहानपणाचे तीन वेगळे शब्द, आणि त्यांची अदलाबदल केली की पाहुण्याच्या पुस्तकात तो पक्षी सापडत नाही. बगळ्याचं पाहा. बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, काळ्या पायांचा आणि पिवळ्या बोटांचा पांढरा बगळा दिसला तर तो ‘लिटल इग्रेट’. तुम्ही ‘स्मॉल इग्रेट’ म्हणालात तर पाहुण्याला कळत नाही की तुम्ही नाव सांगताय की ‘जरा लहान बगळा दिसतोय’ एवढंच म्हणताय.

‘लेसर’ हा शब्द मुळात ‘लिटल’च्या घराण्यातला, तुलनेचा. ‘ग्रेटर’ नावाचा जोडीदार असेल तर हा ‘लेसर’. तो पक्षी डोळ्यांना लहान दिसलाच पाहिजे असं काही नाही. ताडोबात पाणवठ्यावर कधी ‘लेसर ॲडजुटंट’ नावाचा करकोच्याच्या कुळातला टकल्या पक्षी उभा दिसतो. त्याची उंची साडेतीन-चार फुटांच्या घरात असते. तरी नावात ‘लेसर’, कारण त्याच्याहून थोराड ‘ग्रेटर ॲडजुटंट’ दुसरीकडे आहे. देवीच्या रोगाला इंग्रजीत ‘स्मॉलपॉक्स’ म्हणत, तेही असंच. तेव्हा उपदंशाला ‘ग्रेट पॉक्स’ म्हणायचे, म्हणून हा ‘स्मॉल’. रोग काही लहान नव्हता, त्यानं गावंच्या गावं नेली.

पिंगळ्यांच्या नावात ‘आउलेट’ येतं, तेही या निमित्तानं पाहून घ्या. शेपटीला ‘-एट’ किंवा ‘-लेट’ लागलं की वस्तू लहान होते: बुकलेट, लीफलेट, ड्रॉपलेट, पिगलेट. ‘-लिंग’चंही तसंच: डकलिंग, सॅपलिंग, सीडलिंग. ‘आउलेट’ हे घुबडाचं पिल्लूही असू शकतं, पण ‘जंगल आउलेट’ म्हणजे लहान चणीची एक स्वतंत्र जात, पुरी वाढलेली. मेळघाटात जो ‘फॉरेस्ट आउलेट’ आहे, आपला रानपिंगळा, तो १८८४ नंतर शास्त्रज्ञांच्या हाती लागलाच नव्हता. संपला असंच धरून चालले होते. १९९७ मध्ये तो नंदुरबारकडे शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि नंतर मेळघाटातही. त्याच्या नावाआधी ‘स्मॉल’ लावायचं कारण नाही, त्या शेपटीनं काम केलेलं आहे. ‘स्मॉल बुकलेट’ही तसंच, ‘छोटी पुस्तिका’ म्हणण्यासारखं.

‘मायनर’ हा शब्द आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी रोज असतो, “मायनरले पानी आलं का?” मोठा कालवा, त्यातून वितरिका, त्यातून मायनर. यातच त्याचा अर्थ दडलेला आहे. ‘मायनर’ आकार मोजत नाही, पायरी मोजतो. ‘मेजर’च्या खालची पायरी म्हणजे ‘मायनर’. किरकोळ दुखापत ‘मायनर इंजुरी’, किरकोळ दुरुस्ती ‘मायनर रिपेअर’. खोलीला, झाडाला, पोराला ‘मायनर’ लागत नाही. आणि माणसाला लावलं तर अठरा वर्षांखालचा, अज्ञान, असा कायद्याचा अर्थ होतो, जो तुमच्या पाहुण्यांच्या रजिस्टरात लागेल.

पायरी आणि आकार यांत किती अंतर असतं ते बघायचं तर गडचिरोलीचा बांबू बघा. २००६ च्या वनहक्क कायद्यात ‘मायनर फॉरेस्ट प्रोड्यूस’ची जी व्याख्या आहे तीत मध, मेण, लाख, तेंदूपान, टसरचे कोश यांच्या जोडीला बांबूही आहे. तीस फुटांचा बांबू ‘मायनर’ कसा? कारण इमारती लाकूड सोडून वनस्पतींपासून मिळणारं जंगलातलं बाकी सगळं त्या खालच्या पायरीवर टाकलेलं आहे. पण त्या एका शब्दात बांबू आला म्हणून ग्रामसभांचा त्यावर हक्क झाला, आणि गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. हे तुमच्या पानाच्या कामाचं नाही, पण शब्दावर किती टनांचा माल अडकलेला असतो ते कळावं म्हणून लिहिलं.

तुम्ही स्वतःबद्दल ‘आय ॲम अ स्मॉल फार्मर’ लिहिलं आहे. हे बरोबर आहे, आणि गैरसमजही व्हायचा नाही, कारण शेतकऱ्याला ‘स्मॉल’ लागलं की ते जमिनीचं माप असतं, अंगाचं नसतं. फक्त सातबारा बघून लिहा. सरकारी भाषेत एक ते दोन हेक्टरवाला ‘स्मॉल’, म्हणजे अल्पभूधारक. एक हेक्टरच्या, म्हणजे अडीच एकराच्या आतला ‘मार्जिनल’, अत्यल्पभूधारक. पाहुण्यांसाठी ‘स्मॉल’ चालेल, पण हेच वाक्य बँकेच्या किंवा योजनेच्या अर्जात उतरवणार असाल तर फरक पडतो.

‘स्लाइट’ हा ‘मायनर’चा शेजारी, पण तो जाणवण्याशी बांधलेला: स्लाइट पेन, स्लाइट डिले, स्लाइट स्मेल. वस्तूंना तो लावत नाहीत.

टायनी, मिनिएचर, पेटीट वगैरे मंडळी भराभर उरकते. ‘टायनी’ म्हणजे फारच लहान; त्यातलं ‘फार’ आत बसलेलं असल्यानं ‘व्हेरी’ची जोड लागत नाही. मृगाच्या सरीनंतर निघणारा तांबडा मखमली किडा ‘टायनी’ खराच. ‘मिनिएचर’ म्हणजे मोठ्याची हुबेहूब लहान प्रतिकृती, बैलगाडीचं खेळणं वगैरे. ‘कॉम्पॅक्ट’ म्हणजे लहान जागेत नीट बसवलेलं, यंत्राला आणि गाडीला शोभतं. ‘पेटीट’ फक्त बाईच्या चणीला म्हणतात, कौतुकानं; तुम्ही कोणत्याही पाहुणीला म्हणू नका. ‘टायनी’पेक्षाही सूक्ष्म अशा अर्थाचा एक शब्द आहे, त्याचा उच्चार ‘माय-न्यूट’, आणि स्पेलिंग मात्र घड्याळातल्या मिनिटाचंच. दोघं एकाच लॅटिन शब्दातून आले आहेत: तासाचा बारीक केलेला पहिला तुकडा म्हणून मिनिट, आणि त्याचा पुन्हा बारीक केलेला दुसरा तुकडा म्हणून सेकंद. पाटीवर हा शब्द लिहू नका, लोक मिनिटच वाचतील.

शिकायचं कसं, हेही विचारलंत. समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करू नका, तुमची आजची अडचण त्या याद्यांनीच केली आहे. इंग्रजी-मराठी डिक्शनरी अर्थ सांगते, पण शब्द कोणाच्या शेजारी बसतो ते सांगत नाही. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी मोबाइलवर फुकट बघता येते. तिथे अर्थ सोडून खालची उदाहरणं वाचा, आणि वहीत शब्द एकटा न लिहिता जोडीनं लिहा: ‘नॅरो रोड’, ‘लो डोअर’, ‘शॉर्ट वॉक’. भाषांतर करणारं ॲप वापरायचं तर त्याला ‘लहान रस्ता’ देऊ नका, ‘अरुंद रस्ता’ द्या. मराठीत नेमकं टाकलंत तर तेही बरंच नेमकं काढून देतं.

एक ओळ राहिली, शेवटची: ‘एक्स्ट्रा स्मॉल चार्ज फॉर एक्स्ट्रा बेड’. तुम्हाला म्हणायचं आहे की जादा गादीचे थोडे पैसे जादा पडतील. पण ‘एक्स्ट्रा स्मॉल’ एकत्र आलं की ते टी-शर्टचं माप होतं. ‘अ स्मॉल एक्स्ट्रा चार्ज’ असा क्रम लावला की वाक्य सुधारतं, तरी मी ते ठेवणार नाही. थोडे म्हणजे किती, यावर सकाळी गाडीत बसताना हुज्जत होते. गादीचे दोनशे घेत असाल तर तिथे आकड्यात दोनशे लिहा.